कळंबपाड्याची होडी

मित्रांनो, डहाणू तालुक्यातल्या गंजाडकडून आत वळलेला रस्ता काजूच्या झाडांमधून जात जात एका नदीपाशी येतो आणि तिथेच संपतो. नदीच्या पलीकडे कौलारू आणि कुडाची मिळून वीसेक घरे दिसतात. तो कळंबपाडा. पाड्याच्या बाजूला, बायका धुणे धुतात त्या दगडांच्या जरा वर, आंब्याच्या एका अखंड खोडातून कोरलेली लांबट होडी पडली आहे. तिच्या बुडाला कलिंगडाएवढे भोक आहे. उन्हाने तिची कड फाटली आहे आणि आत पानांचा कचरा साचला आहे. ती मी.

मी आधी झाड होते. शुक्रा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभी होते. घरात तो आणि त्याची बायको बायजी, दोघेच. मूलबाळ नव्हते. २०१४ सालच्या उन्हाळ्यात वादळी वारा सुटला आणि मी मुळासकट आडवी झाले. लोक बघायला आले. कुणी म्हणाले, दोन पावसाळ्यांचे सरपण झाले. शुक्राने माझ्या खोडावर हात फिरवला आणि म्हणाला, "सरपण नाय. होडी करू."

तोवर पाड्याला होडी नव्हती. उन्हाळ्यात लोक गुडघाभर पाण्यातून जात. पावसाळ्यात ट्यूबवर बसून, नाहीतर केळीचे खुंट बांधून जात, आणि नदी फुगली की जातच नसत. शाळा, रेशनचे दुकान, दवाखान्याची जीप, चिकूच्या वाड्यांवरचे काम, सगळे रस्त्याच्या बाजूला. पाड्याच्या बाजूला फक्त भाताची खाचरे आणि माणसे.

शुक्राने कुऱ्हाडीने माझी पाठ सपाट केली. मग बायजी माझ्या पोटात निखारे ठेवी, लाकूड जळून मऊ झाले की शुक्रा ते वाकसाने तासून काढी. निखारे कुठे ठेवायचे आणि कधी विझवायचे ते तीच बघे. एकदा त्याचा डोळा लागला आणि निखारा खोल गेला, तर तिने ओंजळीने चिखल भरून तो विझवला आणि त्याला झोपूच दिले. मला घडताना दुखले असेल, पण त्या दोघांचे बोलणे माझ्या कानावर पडत होते, म्हणून ते दिवस मला गोड वाटतात.

मला नदीवर न्यायला सगळा पाडा आला. देवजीने माझ्यावर नारळ फोडला. देवजी हा पाड्यातला मोठा माणूस. सगळ्यात जास्त जमीन त्याची. लग्न ठरायचे, भांडण मिटायचे, ते त्याच्या अंगणात. त्याने शुक्राच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता पाडा रस्त्याला लागला."

शुक्राला माझ्यावर एकच पावसाळा मिळाला. दुसऱ्या वर्षी लावणीच्या दिवसांत त्याला खाचरात साप चावला. बायजीने त्याला एकटीने उचलून माझ्यात निजवले आणि बांबू टेकत पलीकडे निघाली. नदीच्या मधोमध तो म्हणाला, "जरा सावकाश ने, मला गरगरतंय." बायजीने सावकाश नेले. काठ लागला तेव्हा तो गेलेला होता.

लोकांना वाटले, आता होडी थांबली. तेराव्यानंतर बायजी काठावर आली, बांबू हातात घेतला आणि काठावर ताटकळलेल्या बायकांना म्हणाली, "बसा. उभं कुणी राहायचं नाय."

त्यानंतरचे वर्ष-दीड वर्ष हे माझे चांगले दिवस. पहाटे चिकू तोडायला जाणाऱ्या बायका, मग दप्तरे डोक्यावर धरलेली शाळेची मुले, दुपारी शेळ्या, संध्याकाळी तांदळाच्या पिशव्या. भात झोडला की घरटी एक टोपली भात बायजीच्या दारात येई. तिला कुणी बायजी म्हणत नसे, काकी म्हणत. माझ्या बुडाला उन्हाळ्यात डांबर लागे. डांबर लावताना ती तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटत असे आणि मला वाटे, हे माझ्याशीच आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात निलम आली. तलासरीकडची पोर, देवजीचा मुलगा प्रविण याची नवी बायको. नदीत पाणी थोडेच होते, पण नवी नवरी म्हणून तिला माझ्यात बसवून आणले. तिला पाण्याची भीती वाटत होती. तिने सगळा वेळ बायजीच्या पदराचे टोक मुठीत धरून ठेवले.

"पोहता येत नाय?" बायजीने विचारले.

"आमच्याकडं विहीर होती काकी, नदी नव्हती."

"मग शिकवीन तुला. घाबरू नको."

ते शिकवणे राहून गेले. प्रविण बायकोला कुठे जाऊ देत नसे. तो दिसायला शांत होता. मोठ्याने बोलत नसे, दारू पीत नसे. पण धुण्याच्या दगडांवर निलम येई तेव्हा तिच्या दंडावर बोटांचे वळ असत. बायका बघत आणि आपले धुणे आपटत. एकदा ती आईकडे जायला म्हणून पिशवी घेऊन माझ्याशी आली. बायजीने तिला बसवलेही. तेवढ्यात प्रविण आला. हसत हसत त्याने पिशवी काढून घेतली आणि म्हणाला, "काकी, ही सांगून नाय आली. पुन्हा हिला एकटीला नको नेऊ." निलम उतरली.

त्याच वर्षी भात कापून झाले होते तेव्हाची गोष्ट. नदीचे पाणी निवळले होते, पण धुण्याच्या दगडांजवळच्या वळणावर अजून माणसाच्या डोक्यावरून जाईल इतके होते. दिवस मावळायला आला होता. बायजी शेवटची खेप सोडून रिकामी परत येत होती. धुण्याच्या दगडांवर निलम आणि प्रविण उभे होते. काहीतरी बोलणे झाले. मग प्रविणने तिला दोन्ही हातांनी ढकलले.

ती वळणाच्या खोल पाण्यात पडली. एकदा वर आली, तोंड उघडे होते. बायजीने बांबू रेटला आणि मी सरळ तिच्याकडे निघाले. चार हात राहिले असतील. तेव्हा प्रविण कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि त्याने माझे पुढचे टोक दोन्ही हातांनी धरले.

"सोड," बायजी म्हणाली.

"राहू दे काकी. येईल ती वर."

मित्रांनो, मला पुष्कळ हातांनी धरले आहे. लहान मुलांनी धरले आहे, म्हाताऱ्यांनी चढताना धरले आहे. पण असे कुणी धरले नव्हते. त्या हातांना जराही घाई नव्हती. बायजीने बांबू त्याच्या मनगटांवर हाणला. त्याने हात काढले नाहीत. ती उडी मारायला कडेशी आली, तर त्याने मला जोराने तिरके केले आणि ती माझ्यातच आडवी पडली. ती उठेपर्यंत पाणी सपाट झाले होते. तेव्हा त्याने मला सोडले, वळून काठावर गेला आणि मोठ्याने ओरडू लागला, "धावा, निलम पडली, निलम पडली."

निलमला बायजीनेच काढले, बुडी मारून. तिला माझ्यातूनच काठावर आणले.

पाय घसरून पडली, असे देवजीने अंगणात जमलेल्यांना सांगितले. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या वेळी बायजी काही बोलली नाही. ती भिजल्या लुगड्याने खाली बसून होती आणि तिचे दात वाजत होते.

निलमची आई रखमाबाई मातीला आली. दुसऱ्या दिवशी परत जायला ती एकटीच माझ्यात बसली. नदीच्या मधोमध आल्यावर तिने विचारले, "तूच काढलंस ना माझ्या पोरीला? काय झालं तिला?"

बायजीचा बांबू पाण्यात तसाच राहिला. मी प्रवाहाबरोबर थोडी सरकले.

"ढकललं तिला," बायजी म्हणाली. "मी जात होते, तर त्याने होडी धरून ठेवली. मी बघितलं. माझ्यासमोर झालं."

रखमाबाई रडली नाही. म्हणाली, "हे पोलिसांसमोर बोलशील?"

"बोलीन."

काठ आला. दोघी उतरल्या आणि दोघी रस्त्याने चालत गेल्या. मी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबले. मीही सगळे पाहिले होते, पण मला कोण विचारणार.

प्रविणला नेले. काही महिन्यांनी तो जामिनावर सुटून आला आणि पाड्यात पुन्हा पहिल्यासारखा फिरू लागला. पण त्याआधीच देवजीच्या अंगणात बैठक बसली होती. बायजीला वाळीत टाकायचे ठरले. तिच्याशी बोलायचे नाही, तिच्या दारात जायचे नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, लावणीला घ्यायचे नाही. हे सगळे सोपे होते. अडचण माझी होती. होडी बायजीची आणि पाड्याला होडीवाचून चालायचे नाही.

देवजीने ती अडचणही सोडवली. तो काठावर आला, सगळ्यांसमोर माझ्या कडेवर पाय ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "झाड शुक्राचं होतं. पण पाण्यावर आणायला सगळ्यांचे खांदे लागले. होडी पाड्याची. आजपासून झिपरू चालवील. आणि तिला कुणी बसवायचं नाय."

बायजी बांबू हातात घेऊन उभी होती. झिपरू पुढे झाला. तो साधा माणूस होता, कुणाचे वाईट न करणारा आणि कुणाला नाही म्हणता न येणारा. "दे काकी," तो हळू म्हणाला आणि लगेच देवजीकडे बघून गप्प झाला, कारण तो तिच्याशी बोलला होता. बायजीने बांबू त्याच्या हातात दिला नाही. माझ्यात आडवा ठेवला आणि घरी गेली.

तेव्हापासून मी तिच्यावाचून चालू लागले. उन्हाळ्यात ती पाण्यातून चालत पलीकडे जाई आणि वाड्यांवर मिळेल ते काम करी. पावसाळ्यात अडकून पडे. कधी घरातले तांदूळ संपले की काठावर येऊन उभी राही. झिपरू मला सोडण्याआधी पाण्याकडे बघे, आकाशाकडे बघे, तिच्याकडे बघत नसे. माझ्यात जागा असे. तिने शिकवलेल्या बायका माझ्यात बसलेल्या असत, उभे न राहता, तिने सांगितले होते तशा. एकदा शितल नावाची तरुण बाई सरकून बसली, बायजी चढेल म्हणून. बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिले. ती पुन्हा पहिल्या जागी आली.

झिपरूला नदी कळत नव्हती असे नाही, पण त्याला माझी माया नव्हती. मला दगडांवर आपटत नेई, पावसात उलथी न घालता सोडून देई. डांबर कुणी लावले नाही. सगळ्यांची झाले तेव्हापासून मी कुणाचीच राहिले नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात नदी अशी आली की धुण्याचे दगड दिसेनासे झाले. झाडांचे ओंडके वाहत होते. त्याच दिवसांत देवजीची मुलगी धाकली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत सुईणीने हात टेकले. मूल आडवे आहे म्हणाली, दवाखान्यात न्या, नाहीतर दोघेही जातील.

झिपरूने नदीकडे पाहिले आणि तो खाली बसला. "मला नाय जमणार तात्या," तो देवजीला म्हणाला. "माझी पोरं लहान हायेत."

बायजीचे घर काठाच्या अगदी वर होते, म्हणून पुढचे सारे मला दिसले. देवजी तिच्या दारासमोर आला. वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलायचे नाही, हा त्याचाच ठराव. म्हणून तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि समोरच्या शेवग्याच्या झाडाला म्हणाला, "होडी पलीकडं न्यायची हाय. धाकली अडलीय."

बायजी दारात आली. तीही त्याच्याशी बोलली नाही. तिनेही त्या झाडालाच सांगितले, "निलमच्या वेळी याच्या पोरानं होडी धरून ठेवली होती. आज मी धरून ठेवू?"

पावसाचे पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होते. बायजीने पदर खोचला, अंगणातला एक लांब बांबू उचलला आणि खाली आली.

दोन वर्षांनी तिचा पाय माझ्यात पडला. धाकलीला निजवले, तिची आई उशाशी बसली. बायजीने मला आधी काठाकाठाने बरेच वर ओढत नेले, लोक ओढायला होते, आणि मग धारेत सोडले. मित्रांनो, तेवढ्या वेळात मी तीनदा भरले. धाकलीची आई तांब्याने पाणी उपसत होती. एक ओंडका माझ्या कुशीला लागला आणि माझे लाकूड चिरले. धाकली किंचाळत होती आणि तिने बायजीचा घोटा दोन्ही हातांनी धरला होता.

"काकी, मला सोडू नको."

"नाय सोडत. ओरड तू. ओरडायला लाजू नको."

आम्ही पुष्कळ खाली जाऊन पलीकडे लागलो. जीप बोलावलेली होती. बायजी चिखलात गुडघ्यावर बसली आणि तिला उलटी झाली. जीप निघून गेली. मायलेकी तीत बसल्या, बायजीला कुणी घेतले नाही, आणि तिचे तिथे कामही नव्हते.

धाकली वाचली. मुलगा झाला. बारा दिवसांनी देवजीच्या घरचे सगळे वाजतगाजत काठावर आले. आता तुम्हाला वाटेल, बायजीचे दिवस पालटले. मलाही तसेच वाटले होते. त्यांनी मला पाण्याने धुतले, हळद लावली, कुंकू लावले, झेंडूची माळ घातली. देवजी हात जोडून म्हणाला, "हिनं माझी लेक तारली." हिने म्हणजे मी. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. लहान मुलांना दिले, काठावर बसलेल्या म्हाताऱ्यांना दिले. बायजी तिच्या दारात उभी होती. वाटणारा तिच्या दारावरून पुढे गेला. धाकली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने एकदा त्या दाराकडे बघितले आणि बाळाचे टोपडे नीट केले.

मला तेव्हा ते कुंकू नको झाले होते. पण लाकडाला कपाळ पुसता येत नाही.

त्या दिवाळीनंतर जमीन हलू लागली. डहाणू-तलासरीच्या गावागावांत तेव्हा धक्के बसत होते, ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. आधी जमिनीतून गुरगुर येई, मग भांडी वाजत. माणसे घराबाहेर झोपू लागली. एका धक्क्यात बायजीच्या घराची मागची भिंत बसली आणि तिच्यावरून छप्पर खाली आले. ती बाहेर चूल पेटवत होती म्हणून वाचली.

पाड्यासाठी ताडपत्र्या आल्या, घरटी एक. त्या देवजीच्या अंगणात उतरल्या. बायजीच्या वाटची ताडपत्री तिच्यापर्यंत आली नाही. देवजीच्या पेंढ्यावर ती निळी ताडपत्री मला काठावरून दिसत असे. पेंढा कोरडा राहिला.

हिवाळ्यात नदी उतरते आणि माझे काम नसते. मी काठावर उलथी पडलेली होते. बायजीने दगड रचले, एका बाजूने मला उचलून त्यांवर टेकवले आणि ती माझ्याखाली राहायला आली. एक गोधडी, एक हंडा, दोन ताटल्या. मी तिचे छप्पर झाले. बायका धुणे धुवायला येत, हातभर अंतरावर, आणि आपसात बोलत. बायजी माझ्याखाली भाकरी भाजत असे. कुणी तिला हाकलले नाही, कुणी तिला हाकही मारली नाही.

तिथे मी तिचे बोलणे पुन्हा ऐकले. रोज चूल विझली की ती हळू आवाजात म्हणे, "दिवस मावळत होता. दोघं दगडावर होते. त्यानं तिला दोन्ही हातांनी ढकललं. मी जात होते. त्यानं होडी धरली." पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षे होऊन गेली होती. आपण विसरू, नाहीतर कोर्टात कुणी आपल्याला गोंधळात टाकील, याची तिला भीती वाटत होती. म्हणून ती रोज घोकत असे, जशी तुम्ही कविता घोकता.

२०१९ चा पावसाळा सुरू झाला तेव्हा एक पोलीस आला आणि साक्षीची तारीख सांगून गेला. तो पलीकडे गेला, आणि त्याच दिवशी देवजी, प्रविण, झिपरू आणि आणखी काही जण माझ्याकडे आले. बायजी आत बसली होती.

"होडी हवीय," प्रविण म्हणाला, कुणाकडेही न बघता. "पाऊस लागला."

त्यांनी मला उचलले. बायजी तशीच बसून राहिली, चुलीसमोर, वरून पाऊस पडू लागला आणि चूल सू करून विझली. झिपरूने मागे वळून बघितले. बाकीच्यांनी बघितले नाही. त्यांनी मला नदीकडे नेले नाही, उलट वर चढवत देवजीच्या अंगणात नेले आणि फणसाला साखळीने बांधून कुलूप घातले. त्या पावसाळ्यात पाड्यातली मुले शाळेत गेली नाहीत, बायका वाड्यांवर गेल्या नाहीत. एका बाईला नदी ओलांडू द्यायची नाही म्हणून सगळा पाडा नदीच्या आत बसून राहिला. कुणीही तक्रार केली नाही. बायजीने पुन्हा आपल्या पडक्या भिंतीला पाने टेकवून आडोसा केला.

तारखेच्या सकाळी पावसाने झड धरली होती. माणसे लावणीला गेली होती. अंगणात धाकली एकटीच होती. आई आजारी म्हणून ती मुलाला घेऊन आली होती. बायजी फाटकाशी आली. आत आली नाही.

"धाकले, साखळीची किल्ली कुठं असते?"

धाकलीने दाराच्या आतल्या खिळ्याकडे बघितले. बायजीनेही ते पाहिले. दोघींच्या मध्ये अंगण होते.

"तुला यायला नको," बायजी म्हणाली. "काढून फक्त इथं ठेव. मी म्हणीन मी चोरली."

धाकलीच्या कडेवर मूल होते. ते साखळीकडे हात करत होते, वाजते म्हणून. धाकलीने त्याचा हात खाली घेतला.

"काकी, तो माझा भाऊ हाय," ती म्हणाली. "आणि हे माझं माहेर. उद्या मला कुणी उभं करील का इथं?"

बायजीने मान हलवली. ती तिला बोलली नाही, तळतळाट दिला नाही. म्हणाली, "बरं. आत जा, पोराला सर्दी होईल." आणि निघून गेली.

धाकलीने दार लावून घेतले. मी फणसाखाली होते. मला नदी दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. साखळी मी तोडू शकले असते तर तोडली असती. पण आम्हा होड्यांना कुणीतरी सोडावे लागते.

पुढचे मला अंगणात आलेल्या बायकांच्या कुजबुजीतून कळले. बायजीने तेलाचे दोन रिकामे डबे छातीला बांधले आणि वळणाच्या वर पाण्यात उतरली. झिपरूने तिला खाचरातून पाहिले. तो आवणाची, भाताच्या रोपांची, पेंडी हातात घेऊन उभा राहिला आणि मग पुन्हा लावू लागला. ती एकदा दिसली, मग दिसली नाही, मग फार खाली, पलीकडे, एका करंजाच्या फांदीला लटकलेली दिसली. तिचा कान फाटला होता आणि एक डबा गेला होता. ती रस्त्यावर येऊन बसली. एका टेम्पोवाल्याने तिला घेतले.

कोर्टात ती ओल्या लुगड्याने उभी राहिली. तिला उलटसुलट विचारले, पुन्हा पुन्हा विचारले. ती तेच बोलली. रखमाबाई मागच्या बाकावर बसली होती. पावसाळा संपल्यावर निकाल लागला आणि प्रविणला जन्मठेप झाली.

त्या संध्याकाळी देवजी कुऱ्हाड घेऊन अंगणात आला. त्याला बायजी सापडणार नव्हती, ती परत आलीच नव्हती. मी सापडले. ज्या होडीला त्याने हळद लावली होती, तिच्या बुडावर त्याने घाव घातले. झिपरूने विचारले, "तात्या, आपण पुढं काय करायचं, होडी नाय तर?" देवजीने आणखी एक घाव घातला. मग झिपरूलाच मला ओढत नेऊन काठावर टाकायला सांगितले.

बायजी आता आगरला असते, समुद्राकडे. शितल चिकू घेऊन डहाणूच्या बाजारात गेली होती, तेव्हा तिला दिसली. बोंबील वाळत घालण्याच्या कामावर आहे. शितलने आजूबाजूला पाहिले, ओळखीचे कुणी नाही ना ते, आणि मग तिच्याशी बोलली. बायजीने विचारले, धाकलीचे पोर चालायला लागले का. लावणी बरी झाली का. माझ्याबद्दल तिने काही विचारले नाही, आणि त्यात मला वाईट वाटण्यासारखे काही नाही. माणसे एवढी मोडलेली असताना लाकडाची चौकशी कोण करील.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आमची निगा राखा, आम्हाला तेलपाणी करा. मी तसे सांगणार नाही. माझी निगा पुष्कळ झाली. मला हळदकुंकू मिळाले आणि मला चालवणारीला पाणीही कुणी विचारले नाही. मला डांबर लावू नका.

पण एक गोष्ट मला सलते. शाळा सुटली की तुम्ही माझ्यात येऊन बसता. मी चालत नाही, तरी तुम्ही काठ्या घेऊन वाळूत वल्ही मारता, आणि मला बरे वाटते. तुमच्यातला एक देवजी होतो, एक झिपरू होतो. आणि खेळ सुरू होण्याआधी तुम्ही झिपरूच्या धाकट्या पोरीला सांगता, "तू बायजी. तू बसायचं नाय. तू तिकडं उभी राहा." ती मुकाट्याने उभी राहते, खेळ संपेपर्यंत, आणि तुम्ही तिच्याकडे न बघता होडी नेता. इतके हुबेहूब तुम्हाला कुणी शिकवले, ते मला माहीत आहे.

ती पोर आताही तिथे उभी आहे, धुण्याच्या दगडापाशी, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. तुम्ही जरा सरकून बसा. तिला बोलवा, आत घ्या. माझ्या बुडाला भोक आहे, पण जागा पुष्कळ आहे.